एएसी ब्लॉकच्या भिंतीवर दर उन्हाळ्यात परत येणारी भेग: तपासणी आणि दुरुस्ती

लक्षणे

नव्या इमारतीचा ताबा मिळतो, पहिला पावसाळा आणि हिवाळा निघून जातो, आणि फेब्रुवारीनंतर हवा कोरडी पडू लागली की भिंतींवर भेगा दिसू लागतात. रंगारी त्यांत पुट्टी भरतो, वरून रंगाचा एक हात मारतो, पावसाळ्यात सगळे ठीक दिसते आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी, त्याच रेषेत भेग पुन्हा उघडते. आरसीसी सांगाड्यात एएसी ब्लॉक, म्हणजे वजनाला हलके आणि पोटात हवेची छिद्रे असलेले ब्लॉक, भरून बांधलेल्या इमारतींत मी वर्षानुवर्षे हीच दुरुस्ती करत आलो आहे. बहुतेक ठिकाणी ब्लॉक कमकुवत असल्याचे आढळत नाही. भिंतीला सुकायला जेवढा वेळ आणि हलायला जेवढी जागा द्यायला हवी होती, तेवढी दिलेली नव्हती, एवढेच आढळते.

भेग कुठून कुठे जाते हे आधी नीट पाहावे, कारण निम्मे निदान तिथेच होते. बीमच्या तळाला लागून जाणारी आडवी सरळ रेघ किंवा कॉलमच्या कडेने फरशीपासून वरपर्यंत जाणारी उभी रेघ ही ब्लॉक आणि काँक्रीट यांच्या सांध्याची भेग असते. खिडकीच्या किंवा दरवाज्याच्या कोपऱ्यातून निघून तिरकी जाणारी भेग ही त्या कोपऱ्यात एकवटलेल्या ताणाची. लांब भिंतीच्या साधारण मध्यावर उभी भेग पडली असेल, तर ब्लॉक सुकताना भिंत आक्रसली असण्याची शक्यता मोठी असते. स्विचबोर्डाच्या डोक्यापासून छतापर्यंत ओळंब्यात गेलेली भेग वायरिंगच्या पाइपवरची असते. ब्लॉकच्या सांध्यांवरून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भेग मात्र वेगळ्या नजरेने पाहावी लागते, कारण तिच्यामागे कधी कधी पायाची हालचाल असते. आणि भिंतभर जाळ्यासारख्या पसरलेल्या, नखालाही जेमतेम लागणाऱ्या चिरा बहुधा केवळ प्लास्टरच्या असतात.

हे का घडते

उडणारी राख किंवा दळलेली वाळू, सिमेंट, चुना आणि जिप्सम यांच्या पातळ मिश्रणात थोडी अॅल्युमिनियमची भुकटी घातली की हायड्रोजन वायू तयार होतो आणि मिश्रण फुगते. फुगून घट्ट झालेला हा लगदा तारेने कापून साधारण 180 ते 190 अंश सेल्सियस तापमानाच्या दाबयुक्त वाफेत काही तास ठेवला की ब्लॉक तयार होतो. ही पद्धत स्वीडनमध्ये 1920च्या दशकात योहान अॅक्सेल एरिक्सन या वास्तुविशारदाने विकसित केली. 600 × 200 × 150 मिलिमीटरचा, घनमीटरला 600 किलो घनतेचा पूर्ण वाळलेला ब्लॉक सुमारे 11 किलोचा भरतो. वाफेच्या भट्टीतून नुकताच निघालेला तोच ब्लॉक त्याहून बराच जड असतो, कारण त्याच्या पोटात पाणी असते. मागणी जोरात असली की ट्रकमधून उतरवलेले ब्लॉक हाताला कोमट लागतात. असे ब्लॉक त्याच आठवड्यात भिंतीत गेले, तर त्यांचे उरलेले सुकणे भिंतीत होते.

सुकताना ब्लॉक आक्रसतो. भारतीय मानक आयएस 2185 भाग 3 नुसार हे आक्रसणे पहिल्या प्रतीच्या ब्लॉकसाठी 0.05 टक्के आणि दुसऱ्या प्रतीच्या ब्लॉकसाठी 0.10 टक्के यांपेक्षा जास्त असू नये. आकडा किरकोळ वाटतो, पण चार मीटर लांबीच्या भिंतीत त्याचे अनुक्रमे 2 आणि 4 मिलिमीटर होतात. भिंत दोन कॉलमांच्या मध्ये पकडलेली असल्यामुळे हे मिलिमीटर कुठेतरी उघडे पडतात, आणि जिथे पकड सर्वांत कच्ची तिथे भेग पडते. त्यात भाजक्या विटेची सवय आड येते. वीट लावण्याआधी भिजवावी लागते, म्हणून गवंडी हे ब्लॉकही पाइप लावून चिंब करतो, तर बिगारी प्लास्टरवर दिवसातून तीनदा धारेने पाणी मारतो. एएसी ब्लॉकचा पृष्ठभाग फक्त ओलसर करायचा असतो. जितके जास्त पाणी आत गेले, तितके पुढे सुकायचे आणि आक्रसायचे शिल्लक राहिले.

आता तीच भेग दरवर्षी का परत येते, हे सांगतो. आपल्याकडे रंगाचे काम दिवाळीच्या आधी काढतात. पाऊस नुकताच संपलेला असतो, भिंतींत ओल असते, भेग वर्षातली सर्वांत अरुंद झालेली असते. त्या अरुंद फटीत कडक पुट्टी दाबली जाते, उन्हाळ्यात फट रुंदावते आणि पुट्टी एका कडेपासून सुटते. पुट्टीचा दर्जा कितीही उंची असला तरी यात फरक पडत नाही.

तपासण्या, सोप्याकडून अवघडाकडे

पहिली तपासणी फुकट आहे आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते: भेग मोजून तारीख लिहिणे. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहावी. बँकेचे एटीएम कार्ड 0.76 मिलिमीटर जाडीचे असते. ते भेगेत शिरते की नाही हे पाहावे आणि मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढावा. दर महिन्याला त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढावा. भेग जिवंत आहे की थांबलेली, हे कळल्याशिवाय दुरुस्तीचे साहित्य ठरवता येत नाही. थांबलेली भेग कडक मालाने भरता येते, ऋतूप्रमाणे उघडझाप करणारी भेग लवचिक सीलंट मागते, आणि एकाच दिशेने वाढत जाणारी भेग कशानेही भरू नये.

दुसरी तपासणी भिंतीच्या पलीकडची. तीच रेघ दुसऱ्या बाजूलाही त्याच उंचीवर दिसत असेल, तर ब्लॉक किंवा त्यांचा सांधा आरपार फाटलेला आहे. एकाच बाजूला असेल, तर दोष बहुधा प्लास्टरमध्येच आहे. शक्य असल्यास वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे तीच भिंत पाहून यावी. ओळीने अनेक मजल्यांवर तशीच भेग असेल, तर प्रश्न एका खोलीचा राहत नाही. स्लॅब आणि बीम वर्षानुवर्षे किंचित वाकत असतात, आणि खालची भिंत बीमला घट्ट ठेचून बांधलेली असेल तर वरचा भार तिच्यावर येऊ लागतो. म्हणूनच वरचा थर आणि बीम यांत 10 ते 15 मिलिमीटर फट ठेवून ती शक्य तितक्या उशिरा, वरच्या मजल्यांचे काम झाल्यावर वरून खाली येत भरायची असते. घाईच्या कामात ती त्याच दिवशी मालाने ठासली जाते.

तिसऱ्या तपासणीला एक नाणे पुरते. भेगेच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरापर्यंत नाण्याने हलके ठोकत जावे. घट्ट प्लास्टरचा आवाज बसका आणि भरीव येतो, सुटलेल्याचा पोकळ येतो, आणि हा फरक दोन-चार ठोक्यांत कानाला कळतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ ओढत जावे म्हणजे पोकळ भागाचा नकाशा भिंतीवरच तयार होतो. हे महत्त्वाचे अशासाठी की पोकळ प्लास्टरमधली भेग भरण्यात काही अर्थ नसतो. तो भाग काढावाच लागतो. तळहाताहून मोठा पोकळ भाग छताजवळ किंवा पलंगाच्या वर असेल, तर बाकीच्या तपासण्या थांबवून तो आधी उतरवून घ्यावा.

चौथी तपासणी ओलीची. पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौरस तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमले, तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला जमले, तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे. कोकणपट्टीत हा फरक करणे फार गरजेचे असते. बाथरूमच्या मागची भिंत, डक्टला लागून असलेली भिंत, खिडकीच्या सिलखालचा भाग आणि पश्चिमेची पाऊस झेलणारी बाहेरची भिंत ही नेहमीची ठिकाणे आहेत. लोणा दिसत असेल, रंगाचे पोपडे सुटत असतील, तर भेग हे दुय्यम दुखणे समजावे. भिजणारी आणि सुकणारी भिंत हलतच राहते, त्यामुळे पाण्याचा मार्ग बंद करून भिंत पूर्ण वाळेपर्यंत भेगेला हात लावू नये, आणि त्याला एखादा पूर्ण हंगाम लागू शकतो.

काहीही फोडण्याआधी कागद काढून पाहावेत, आणि ही पाचवी तपासणी मी आग्रहाने सांगतो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 च्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीचा किंवा सेवेतला दोष निदर्शनास आणून दिल्यास तो 30 दिवसांच्या आत विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी विकासकावर असते. पाच वर्षे झाली नसतील, तर फोटो आणि तारखा जोडून लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी आणि तोपर्यंत स्वतः दुरुस्ती करू नये, कारण उकरलेल्या भिंतीवर मूळ दोष कुठे होता हे नंतर दाखवता येत नाही. त्याच पत्रात ब्लॉक आले कधी आणि प्लास्टर झाले कधी, सांधे साध्या मालाचे की पातळ थराच्या चिकटद्रव्याचे, प्लास्टर कोणत्या प्रमाणाचे, हेही विचारावे. ब्लॉक खरोखर वाफेच्या भट्टीतले एएसी होते की साच्यात फेस ओतून पाण्याने क्युअर केलेले सीएलसी होते, हाही प्रश्न घालावा. दोन्ही ‘हलके ब्लॉक’ म्हणूनच विकले जातात, पण सीएलसी सुकताना जास्त आक्रसतो.

सहावी तपासणी म्हणजे भेगेवर प्लास्टरची छोटी खिडकी उघडणे. यासाठी गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते, पण पुढचा सगळा अंदाज त्यावर ठरतो. आधी त्या खोलीचा एमसीबी बंद करावा, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर चांगला मास्क असावा, कारण ही धूळ फुप्फुसांना घातक असते. भेग मधोमध येईल असा सुमारे 300 मिलिमीटर रुंदीचा भाग कटरने चौकट आखून मग हलक्या हाताने काढावा. छिन्नी-हातोड्याचे जोराचे घाव घातले तर ब्लॉकच फुटतो. आत काय दिसते ते पाहावे. कॉलमच्या सांध्यावर जाळी आहे का, आणि असल्यास कुठे आहे? बऱ्याचदा जाळी असते, पण ती ताणून न बसवता ब्लॉकच्या अंगाला सपाट चिकटलेली असते. तिच्यामागे माल शिरलेलाच नसतो, आणि प्लास्टर उचलले की ती गंजलेल्या नक्षीसारखी ब्लॉकवर उमटून राहिलेली दिसते. अशी जाळी नसल्यातच जमा आहे. कॉलमचे काँक्रीट गुळगुळीत राहिले आहे की त्यावर टाचे मारलेले आहेत, तेही पाहावे. दर दोन-तीन थरांनी कॉलममधून भिंतीत येणारी सळई आहे का, 100 मिलिमीटरच्या पडदीत, म्हणजे आतल्या पातळ भिंतीत, ठरावीक थरांनंतर सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा आहे का, आणि उभे सांधे मालाने भरलेले आहेत की तोंडाला नुसता माल पुसलेला आहे, या गोष्टी याच खिडकीतून किंवा तिच्या बाजूला सरकवलेल्या दुसऱ्या खिडकीतून कळतात.

दुरुस्ती

दुरुस्तीचा हंगाम एप्रिल-मे. भेग सर्वांत रुंद असताना भरली, तर पावसाळ्यात आतला भराव दाबला जातो. अरुंद असताना भरली, तर उन्हाळ्यात तो ताणला जातो. ताण सोसण्यापेक्षा दाब सोसणे प्रत्येक भरावाला सोपे असते.

बीमखालच्या आडव्या भेगेत कडक मसाला पुन्हा ठासू नये. जुना भराव काढून फट मोकळी करावी, आत दबणारा फोम भरावा, आणि प्लास्टरला त्या रेषेत एक सरळ खाच ठेवून ती रंग बसू शकणाऱ्या लवचिक सीलंटने बंद करावी. अनेकांना भिंतीवर खाच दिसलेली आवडत नाही. माझे मत स्पष्ट आहे की लपवलेला सांधा वेडावाकडा फुटून बाहेर येतोच, त्यापेक्षा सरळ आखलेली खाच केव्हाही बरी. मात्र पातळ पडदीला वरून आधार देणारे क्लिप किंवा सळया तशाच राहतील, हे पाहावे.

कॉलमच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना किमान 150 मिलिमीटर प्लास्टर काढावे, काँक्रीटवर टाचे मारून चिकट कोट द्यावा, ब्लॉकवरची धूळ ब्रशने झटकावी आणि नवी जाळी ताणून, पृष्ठभागापासून थोडी उचललेली राहील अशी ठोकावी. काचतंतूंची अल्कली-रोधक जाळी वापरली तर गंजाचा प्रश्न येत नाही. वायरिंगच्या चरीवरच्या भेगेचा इलाजही असाच आहे, फक्त आधी पाइप हलत नाही ना ते पाहून चर ब्लॉकच्या तोंडाच्या किंचित आतपर्यंत भरून वाळू द्यावी. खिडकीच्या कोपऱ्यात जाळीचा आयताकृती तुकडा भेगेला आडवा, म्हणजे कोपऱ्यावर तिरका लावावा. पण लिंटेल, म्हणजे खिडकी-दरवाज्यावरची आडवी तुळई, दोन्ही बाजूंना भिंतीत किमान 200 मिलिमीटर टेकलेला नाही असे दिसले, तर जाळीने काही साधणार नाही.

नव्या प्लास्टरबद्दल एकच गोष्ट गवंड्याच्या गळी उतरवावी लागते: इथे जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती नव्हे. ब्लॉक मऊ आहे. त्यावर सिमेंट-वाळूचे एकास तीन किंवा एकास चार असे तगडे प्लास्टर केले, तर ते सुकताना स्वतः फाटते किंवा ब्लॉकची वरची साल घेऊन सुटते. आतून एकास सहाचे, 12 मिलिमीटरच्या आसपासचे प्लास्टर पुरते. जास्त जाडी हवी असेल तर दोन थर द्यावेत. क्रश सँडमध्ये भुकटी जास्त असली की पाणी जास्त लागते आणि जाळीदार चिरा पडतात, त्यामुळे धुतलेली, प्लास्टरच्या प्रतीची वाळूच घ्यावी. प्लास्टरआधी ब्लॉकवर पाण्याचा हलका फवारा मारावा आणि नंतर आठवडाभर तसाच फवारा द्यावा, धार नव्हे. तयार पिशवीतले प्लास्टर घेतले तर त्यावरच्या सूचना जशाच्या तशा पाळाव्यात.

आवाज घट्ट असलेल्या जाळीदार चिरांसाठी काहीही फोडू नये. घासून, धूळ काढून, ताणल्या जाणाऱ्या रंगाचे दोन हात पुरतात.

कुठे थांबावे

पुढीलपैकी काहीही दिसले तर गवंडी आणि रंगारी दोघांनाही थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. भेग भिंतीतून कॉलममध्ये किंवा बीममध्ये शिरली असेल, काँक्रीटवर गंजाचा तपकिरी ओघळ असेल किंवा तुकडे सुटत असतील. भेगेच्या दोन कडा एका पातळीत नसतील, म्हणजे बोट फिरवताना पायरी लागत असेल. पायऱ्यापायऱ्यांची भेग खालून वर रुंदावत असेल आणि त्याच सुमारास दरवाजे अडकू लागले असतील किंवा फरशी उचलली असेल. काळ्या मातीवरच्या बंगल्यांत आणि रो-हाउसमध्ये हे लक्षण पायाकडे बोट दाखवते, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. भेग 3 मिलिमीटरच्या पुढे गेली असेल किंवा पेन्सिलीची खूण ओलांडून दर महिन्याला पुढे सरकत असेल. तळहाताने दाबल्यावर पडदी हलत असेल. अशी भिंत आधी रिकामी करून मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये. आणि घरात कॉलम-बीमचा सांगाडा नसून ब्लॉकच्याच भिंतीवर स्लॅब टेकलेला असेल, तर कोणतीही तिरकी भेग स्वतः उकरू नये, तिथे प्लास्टरची खिडकीसुद्धा उघडू नये.

पहिल्या मजल्याच्या वरची बाहेरची भिंत हेही आपले काम नव्हे. ते परांची आणि सुरक्षापट्टा असलेल्या माणसांचे आहे, आणि सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय ते सुरू करू नये.

फुकट पाहणी करून लगेच वॉटरप्रूफिंगचा दर सांगणारा ठेकेदार इंजिनिअरच्या जागी चालत नाही, कारण त्याला भेगेचे कारण काहीही निघाले तरी उपाय एकच विकायचा असतो. अहवालाची फी घेणारा, दुरुस्तीच्या ठेक्याशी संबंध नसलेला माणूस शोधावा. तो येण्याआधी तारखांसह फोटो, खडूने आखलेल्या पोकळ भागांचे चित्र, वरच्या-खालच्या मजल्यांवर काय दिसले त्याची नोंद आणि विकासकाशी झालेला पत्रव्यवहार एका फाइलमध्ये तयार ठेवावा. तोवर भेगेत पुट्टी भरू देऊ नये. भेगेच्या कडा ताज्या आहेत की जुन्या, त्यांत धूळ आणि जुना रंग शिरला आहे की नाही, यावरून तो तिचे वय ठरवतो, आणि पुट्टी भरली की ती खूण जाते.